टिम क्रुलला आणलं तो जुगार नव्हता

आमच्याकडे मालवणात ओहोटीला ओल्या वाळूत चपलांचे गोलपोस्ट लावून पोरं खेळतात, पेनल्टी आली की कीपर बदलतात, आणि बघणाऱ्यातला कोणीतरी हमखास सांगतो की 2014 च्या वर्ल्डकपला हॉलंडच्या कोचनं पण असाच आयत्या वेळी नशिबावर डाव लावलेला. अहो नाही! कोस्टा रिकाविरुद्धची क्वार्टर फायनल, 0-0, एक्स्ट्रा टाइम संपत आलेला, पेनल्टी शूटआउटच्या तोंडावर कीपर सिलेसन बाहेर आणि राखीव कीपर टिम क्रुल आत, हे आधीच ठरलेलं होतं. क्रुलला मॅचआधीच माहीत होतं, सिलेसनला सांगितलं नव्हतं म्हणून तो चिडला.

या तयारीत गोलकीपर कोच फ्रान्स हूक होता. हा माणूस स्वतः फोलेंडाम क्लबचा कीपर, मोठं स्टारपण कधी नाही, पण पुढे कोच म्हणून आयाक्स क्लबात कीपर व्हान डर सारला घडवण्यात त्याचा हात, मग बार्सिलोना, बायर्न. मला त्याचं हेच काम जास्त मोठं वाटतं.

समोरचे पेनल्टी कुठे मारतात याचा अभ्यास झालेला, क्रुल पाचही वेळा बरोबर बाजूला झेपावला, दोन अडवल्या, पेनल्टीत हॉलंड 4-3 नं जिंकलं. पाचच्या पाच वेळा नशीब कसं असेल?

माझ्या भाच्यालाही मी तेच सांगते, किक मारणाऱ्याचा टेकलेला पाय बघ, आणि टाचांवर उभा राहू नको, ओल्या वाळूत टाचा रुततात आणि उडी अर्धीच राहते.