स्पीड वाढवला म्हणजे गेम अडकायचा थांबतो?

ऑनलाइन गेम अडकला की ‘इंटरनेटचा मोठा प्लॅन घे’ हा सल्ला ठरलेला. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. प्रत्यक्ष खेळताना बहुतेक गेमना १ एमबीपीएससुद्धा लागत नाही. मोठा स्पीड लागतो तो गेम डाउनलोड करताना. खेळ बिघडतो तो पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) उड्या मारल्यामुळे किंवा पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) वाटेत हरवल्यामुळे.

आधी दोष घरात आहे की बाहेर, ते बघा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) राउटरच्या पत्त्यावर (बहुधा १९२.१६८.१.१) सलग दोन मिनिटं पिंगची कमांड (ping -t) चालवा. केबलवर १-२ मिलिसेकंद यायला हवेत. वायफायवर मध्येच ८०-१०० दिसले, किंवा ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं, तर दोष घरातल्याच वायफायचा. लॅन केबल लावा; ते शक्य नसेल तर ५ गीगाहर्ट्‌झ बँड वापरा.

राउटरपर्यंत सगळं ठीक, पण घरात कुणी व्हिडिओ अपलोड करायला घेतला की पिंग चढतो? मग पॅकेट राउटरमध्ये रांगेत अडकतायत. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (पॅकेटची रांग आटोक्यात ठेवणारी सेटिंग) चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. हा उपाय फार कमी लोक करतात, आणि फरक लगेच जाणवतो.

सर्व्हरच दूरच्या खंडात असेल तर मात्र गेममधला रीजन बदलणं एवढंच हाती उरतं.