फोनशेजारची खाट

जुलै महिना संपत आला की कारगिल विजय दिनाच्या संदेशांबरोबर एक मजकूर हटकून फिरू लागतो. गर्भातल्या बाळाच्या काही पेशी आईच्या शरीरात वर्षानुवर्षे राहतात, आणि म्हणूनच सीमेवर मुलाला गोळी लागली की त्याच क्षणी घरी आईच्या काळजात कळ उठते, असे त्यात लिहिलेले असते. खाली ‘हे आता विज्ञानाने सिद्ध केले आहे’ अशी पुस्तीही जोडलेली असते. यातले पहिले विधान खरे आहे. डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एका स्त्रीच्या रक्तात, तिला मुलगा होऊन २७ वर्षे झाल्यानंतरही, पुरुषाचे वाय गुणसूत्र असलेल्या पेशी सापडल्या होत्या. दुसरे विधान मात्र निखालस खोटे आहे. पेशींना संकेत मिळतात ते शेजारच्या पेशींकडून, चेतातंतूंकडून किंवा रक्तातून येणाऱ्या रसायनांकडून. द्रासच्या डोंगरावर काय घडले हे नागपुरातल्या एखाद्या पेशीला कळावे, असा कोणताही मार्ग नाही.

या मजकुराचा मला राग येतो, कारण मुलगा लढाईवर असताना घरातल्या माणसांच्या शरीरात जे खरोखर घडते आणि जे मोजता येते, त्यावर तो पडदा टाकतो. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आणि गावात वायुसेनानगर असलेल्या आमच्या नागपुराला सैनिकांची घरे नवी नाहीत. त्यांतले एक घर मी फार जवळून पाहिले आहे.

१९९९ च्या उन्हाळ्यात महालात राहणाऱ्या माझ्या मावशीचा धाकटा मुलगा कारगिलच्या आघाडीवर होता आणि थोरला ईशान्येकडे तैनात होता. घरातला एकुलता एक फोन बैठकीत होता आणि मावशी आतल्या खोलीत झोपत असे. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशिवाय रात्र काढणे म्हणजे काय, हे वैदर्भीयांना सांगायला नको. तरीही मावशी कूलर बंद ठेवून, ओला पंचा अंगावर घेऊन पडून राहायची, कारण कूलरच्या घरघरीत फोनची घंटा ऐकू आली नाही तर, ही तिची धास्ती होती. मृग लागला, पाऊस सुरू झाला आणि पत्र्यावरचा आवाज काही बंद करता येईना, तेव्हा तिने आपली खाटच बैठकीत फोनशेजारी हलवली. काका पहाटे पाचपासून फाटकाशी पेपरवाल्याची वाट पाहत उभे असत. १३ जूनला तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल आपल्या ताब्यात आल्यावर सगळा मोहल्ला आनंदला, पण त्या दोघांचा प्रश्न एकच असे : तिथे कोणती पलटण होती? मावशी म्हणायची, “फोन वाजला तरी धस्स होतं, नाही वाजला तरी जीव टांगणीला.” मला वाटते, या एका वाक्यात तिने ताणाचे सगळे शरीरशास्त्र सांगून टाकले होते.

धस्स होते तेव्हा दोन गोष्टी घडतात. पहिली लगेच : मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यातून ॲड्रेनॅलिन रक्तात येते, छाती धडधडते, तळहात घामेजतात. हे रसायन काही मिनिटांतच ओसरते. दुसरी गोष्ट संथ आहे, आणि आपल्या विषयाचे मर्म तिच्यातच आहे. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक, म्हणजेच हायपोथॅलॅमस, सीआरएच नावाचे संप्रेरक सोडतो. ते काही मिलिमीटर खाली असलेल्या पीयूषिका ग्रंथीला पोचते. तिथून एसीटीएच हे दुसरे संप्रेरक रक्तात उतरते. आणि ते अधिवृक्क ग्रंथींच्या बाहेरच्या थराला कॉर्टिसॉल बनवायला लावते. कॉर्टिसॉल यकृताला साखर तयार करायला सांगते, दाह आवरते आणि शरीराला दीर्घ संकटासाठी सज्ज ठेवते.

ही सज्जता संपते कशी? सज्जता संपवण्याचा हुकूमही कॉर्टिसॉलच देते. ते रक्तातून मेंदूत परत पोचते, पेशींमध्ये शिरते आणि तिथे वाट पाहत असलेल्या ग्राहक प्रथिनांना, म्हणजेच रिसेप्टर्सना, चिकटते. हे ग्राहक दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारची कॉर्टिसॉलवरची पकड सुमारे दहापट घट्ट असते, म्हणून तो शांत अवस्थेतही जवळजवळ भरलेला असतो. दुसरा सैल पकडीचा आहे. कॉर्टिसॉल बरेच वाढले, तरच तो भरतो. तो भरला की पेशीच्या केंद्रकात जातो आणि सीआरएच व एसीटीएच बनवणाऱ्या जनुकांचे काम मंद करतो. पाण्याची टाकी भरत आली की गोळा वर उचलला जाऊन नळ बंद होतो, तसलीच ही व्यवस्था आहे. उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी संबंधित भागात या संप्रेरकाचे ग्राहक असल्याचे ब्रूस मॅक्युएन यांनी १९६८ साली दाखवले, तेव्हा ताणाचे रसायन थेट स्मृतीच्या जागी पोचते, हे प्रथमच स्पष्ट झाले. तो गोळा सतत वरच राहिला तर मात्र ग्राहकांची संख्या घटते किंवा त्यांचा प्रतिसाद बोथट होतो, आणि मग टाकी भरली तरी नळ नीट बंद होत नाही. एरवी कॉर्टिसॉल सकाळी जागे झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. दीर्घ ताणात हा चढउतार सपाट होऊ शकतो, आणि रात्री उतरायला हवे ते कॉर्टिसॉल न उतरल्यास झोप उथळ होते.

‘नाही वाजला तरी’ या शब्दांचे महत्त्व इथे कळते. जे वाइस या अमेरिकी संशोधकाने उंदरांच्या जोड्या घेतल्या. दोघांना विजेचे झटके अगदी सारखेच बसत; फरक एवढाच की एकाला झटक्याआधी आवाज ऐकू येई, दुसऱ्याला अवचित झटका बसे. सूचना न मिळणाऱ्या उंदरांच्या जठरात कितीतरी जास्त व्रण आढळले. सूचना मिळणाऱ्याला फायदा झटक्यापूर्वीच्या क्षणी झालाच नाही. झाला तो उरलेल्या सगळ्या वेळात. आवाज नाही म्हणजे धोका नाही, हे त्याला कळले होते, म्हणून तो निवांत राहू शकला. दुसऱ्यासाठी निवांत असा क्षणच नव्हता. लंडनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ माणसांना संगणकावरील दगडाखाली साप आहे की नाही हे ओळखायचे होते. साप निघाला की हाताला वेदनादायक झटका बसे. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार यांवरून ताण मोजला, तेव्हा तो सर्वाधिक निघाला तो झटका नक्की बसणार असताना नव्हे, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना. मावशीच्या घरी फोनची घंटा मुलाची असू शकत होती किंवा दुसऱ्याच कुणाची, आणि शांतताही सुखरूपतेची असू शकत होती किंवा नसूही शकत होती. ‘आता धोका नाही’ असे सांगणारी एकही खूण त्या घरात उरली नव्हती.

अशा घरांत अंगारे-धुपारे देणारे येतात. मावशीकडेही एकजण आला आणि मुलाच्या रक्षणासाठी म्हणून मंतरलेला ताईत देऊन अकराशे रुपये घेऊन गेला. आईला आधीच कळते, असे त्यानेही सांगितले. हिशेब करून पाहा : दिवसातून पाच वेळा काळीज हलले तर ऐंशी दिवसांत चारशे वेळा हलते. दुर्दैवाने वाईट बातमी आलीच, तर यातला एखादा क्षण तिच्या आसपास पडणारच. तोच लक्षात राहतो आणि उरलेले सगळे विसरले जातात. त्या माणसाने भीतीचा धंदा केला, आणि ‘कॉर्टिसॉल उतरवणारे’ चूर्ण आज फोनवर विकणारे तेच करत आहेत.

या काळजीचा माग रक्तातही दिसतो. ग्रेगरी मिलर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ५० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांतले निम्मे कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांचे आईवडील होते. या पालकांच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींवर कॉर्टिसॉलसारखे औषध घातले, तर दाह वाढवणारे इंटरल्यूकिन-६ हे रसायन इतरांइतके दबले नाही. हुकूम येत होता, पण पेशी तो पुरता ऐकत नव्हत्या. मूल संकटात असल्याची काळजी पांढऱ्या पेशींपर्यंत पोचते, ती अशी. सैनिकांच्या घरांबद्दलही पुरावा आहे : अमेरिकी सैनिकांच्या अडीच लाखांहून अधिक पत्नींच्या वैद्यकीय नोंदी तपासल्यावर, पती आघाडीवर असलेल्या स्त्रियांमध्ये नैराश्य, चिंता आणि निद्राविकार यांची निदाने जास्त आढळली. ‘तिचे मनच हळवे आहे’ असे अशा घरातल्या बाईविषयी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

एका गोष्टीचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे, तो म्हणजे आवाजाचा. लेस्ली सेल्टझर यांच्या प्रयोगांत ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांपुढे भाषण आणि गणिते करायला लावून ताण दिला. नंतर ज्या मुली आईशी फोनवर बोलल्या, त्यांचे कॉर्टिसॉल आईने प्रत्यक्ष जवळ घेतलेल्या मुलींप्रमाणेच उतरले. पुढच्या प्रयोगात आईशी संगणकावर फक्त लेखी संदेशांची देवाणघेवाण केलेल्या मुलींचे कॉर्टिसॉल मात्र आईशी संपर्कच न झालेल्या मुलींइतकेच चढे राहिले. प्रयोग लहान मुलींचा होता, हे खरे. पण ‘ठीक आहे’ एवढाच संदेश वाचूनही ज्या घरात कुणाला झोप लागत नाही, तिथे ऐकण्याची ओढ का असते, हे समजायला तो उपयोगी पडतो.

जुलैअखेर लढाई थांबली. धाकट्याचा फोन आला तो रात्री दहाच्या सुमाराला, कुठल्याशा रांगेत तास-दीड तास उभा राहून केलेला. मावशीने दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून एवढेच विचारले, “जेवलास का रे?” तिकडून काय उत्तर आले ते आम्हाला ऐकू आले नाही, ती नुसती मान हलवत राहिली. मग तिने रिसीव्हर काकांना दिला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

बोथटलेले ग्राहक एका फोनने पूर्ववत होत नाहीत. मावशी त्यानंतरही रात्री दोन-अडीचला दचकून उठे, रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे ना ते पाही आणि पुन्हा आडवी होई. तिची खाट दिवाळीपर्यंत फोनशेजारीच होती.