कोवळी कासवे पाणी कसे निवडतात : पार्श्वभूमी

किनाऱ्यावरून समुद्रात शिरलेले कासवाचे पिल्लू पुढची काही वर्षे कुठे राहते, हे दीर्घकाळ कोणालाच ठाऊक नव्हते. त्या काळाला ‘हरवलेली वर्षे’ असेच नाव पडले. अटलांटिकमधील सारगॅसम शैवालाच्या तरंगत्या पट्ट्यांत ही पिल्ले आढळतात, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. तरीही प्रवाह नेईल तिकडे ती जातात, हा समज टिकून राहिला.

तो डळमळला टॅग, म्हणजे प्राण्याचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत कळवणारी यंत्रे, लहान झाल्यावर. पिल्लाचे कवच भराभर वाढत असल्याने टॅग निसटून पडत; अखेर नखांना लावतात तो ॲक्रिलिकचा थर आणि त्यावर लवचीक सिलिकॉन वापरून सौरऊर्जेवर चालणारे छोटे टॅग बसवता आले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील लॉगरहेड जातीच्या १७ पिल्लांपैकी अनेकांनी मुख्य प्रवाह सोडून सारगॅसो समुद्राची वाट धरली, आणि टॅगवरील तापमान भोवतालच्या पाण्यापेक्षा काही अंशांनी जास्त होते. मेक्सिकोच्या आखातात कासवांसोबत सोडलेले, केवळ प्रवाहाबरोबर वाहणारे तरंगक काही दिवसांतच त्यांच्यापासून दूर गेले, असे पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पिल्ले पोहत होती.

ऊब शोधण्याची हीच प्रवृत्ती अमेरिकेच्या ईशान्येकडील मेनच्या आखातात जिवावर बेतते. तिथले पाणी झपाट्याने तापत असल्याने केम्प्स रिडले जातीची कोवळी कासवे शरद ऋतूत उशिरापर्यंत उत्तरेस रेंगाळतात, आणि दक्षिणेकडे वळली की आकड्यासारख्या वळलेल्या केप कॉडच्या उपसागरात अडकतात. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ती हालचालच करू शकत नाहीत. २०१४ मध्ये तिथे १,२०० हून अधिक कासवे किनाऱ्याला लागली.

पॅसिफिकमध्ये हा प्रश्न नियमांपर्यंत पोहोचला. जपानमध्ये जन्मलेली लॉगरहेड पिल्ले मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियापर्यंत जातात, हे १९९० च्या दशकात जनुकीय पुराव्याने सिद्ध झाले. वाटेतल्या थंड कॅलिफोर्निया प्रवाहामुळे बहुतेक पिल्ले मध्य पॅसिफिकमध्येच थांबतात. उष्ण वर्षांत या थंड पाण्यातून उबदार वाट उघडते, अशी मांडणी २०२१ मध्ये झाली. दक्षिण कॅलिफोर्नियासमोरचे मोठे क्षेत्र जून ते ऑगस्टमध्ये, एल निनोचा (विषुववृत्तावरील पॅसिफिकचे पाणी तापण्याचा) अंदाज असेल किंवा तो सुरू असेल तर, गिलनेट या तरंगत्या मासेमारी जाळ्यांसाठी बंद करण्याचा नियम मात्र २००३ पासूनच होता. खरी अडचण या निकषातच होती. एल निनो विषुववृत्तावरील पाण्यावरून ठरतो. कासवाला मात्र जाणवते ते त्याच्याभोवतीचे पाणी. २०१४ च्या जुलैत क्षेत्र बंद झाले तेव्हा स्थानिक पाणी कमालीचे उबदार होते, पण एल निनो अधिकृतपणे जाहीर व्हायला मार्च २०१५ उजाडला. दूरच्या समुद्राविषयीच्या अंदाजावर हंगाम बंद करणे मच्छीमारांना जाचक ठरते; उलट एल निनोशिवाय स्थानिक पाणी तापले, तर हाच नियम कासवांना उघड्यावर सोडतो. आधीच्या सहा महिन्यांतील स्थानिक तापमानवाढ हा अधिक भरवशाचा निर्देशक आहे, असे २०१९ च्या एका विश्लेषणात दिसले, आणि निकषाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती.

ही उबदार वाट प्रत्यक्ष तपासण्यासाठी जपानमध्ये वाढवलेली २५ कोवळी लॉगरहेड कासवे २०२३ मध्ये टॅग लावून उत्तर पॅसिफिकच्या मध्यभागी सोडण्यात आली.