चारातले सव्वातीन आणि आठातले सहा: रॅम नेमकी कुठे अडकते?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या एखाद्या लघुउद्योगात अजून चालू असलेला ३२-बिट विंडोज ७ चा संगणक आणि कॉलेज रोडवर शिकणाऱ्या मुलाचा नवा लॅपटॉप यांच्या ‘सिस्टीम’ पानावर एकाच साच्यातली ओळ दिसू शकते. पहिल्यावर बसवलेली रॅम ४ जीबी आणि कंसात ‘३.२५ जीबी युजेबल’, म्हणजे वापरता येण्याजोगी. दुसऱ्यावर बसवलेली ८ जीबी आणि कंसात ‘५.९ जीबी युजेबल’. पहिल्याच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये आणि दुसऱ्याच्या टास्क मॅनेजरमध्ये ही तूट ‘हार्डवेअर रिझर्व्हड्’ (हार्डवेअरसाठी राखीव) या एकाच नावाखाली मांडलेली असते, त्यामुळे दोन्हींचे कारणही एकच असावे असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात पहिल्या संगणकातली उरलेली मेमरी कोणाच्याच उपयोगी पडत नाही आणि दुसऱ्यातली मात्र रोज कामाला जुंपलेली असते.

पहिल्या संगणकातली अडचण मेमरीची नसून पत्त्यांची आहे. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता लागतो आणि ३२ बिटांत असे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, म्हणजे बरोबर ४ जीबीपुरतेच, मावतात. मात्र हे सगळे पत्ते रॅमच्या वाट्याला येत नाहीत. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) चिप अशा उपकरणांशी प्रोसेसर याच पत्त्यांवरून बोलतो आणि त्यांच्यासाठी ४ जीबीच्या हद्दीतला वरच्या टोकाचा पट्टा राखलेला असतो. पंचवटीतल्या मार्केट यार्डात मोजकेच क्रमांक ठरवून दिले आणि त्यांतलेच काही कार्यालयाला व वजनकाट्याला लावले, तर शेवटचे गाळे बांधून तयार असूनही क्रमांकाविना पडून राहतील. रॅमच्या शेवटच्या पाऊण जीबीचे तसेच होते.

इथेच सर्वांत जास्त गल्लत होते. ‘ग्राफिक्स कार्डाने रॅम खाल्ली’ असे सर्रास म्हटले जाते, पण स्वतःची मेमरी असलेले कार्ड रॅमला हातही लावत नाही. ते फक्त पत्ते अडवते. म्हणून एकाच ४ जीबी रॅमवर एका संगणकात ३.५ दिसतात, तर मोठे कार्ड असलेल्या दुसऱ्या संगणकात ३ च्याही खाली आकडा जाऊ शकतो. दुसरे असे की, ही मर्यादा सर्वस्वी प्रोसेसरची आहे हेही खरे नाही. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून ३२-बिट प्रोसेसरमध्ये ३६ बिटांचे पत्ते वापरून ६४ जीबीपर्यंत पोहोचण्याची सोय होती आणि ३२-बिट विंडोज सर्व्हरच्या वरच्या आवृत्त्या तिचा लाभ घेतही असत. घरगुती आवृत्त्यांना मात्र मायक्रोसॉफ्टने ४ जीबीवरच रोखले, कारण त्यापलीकडचे पत्ते समोर येताच कित्येक ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्रॅम, कोसळत. चिडचिड होण्यासारखा निर्णय असला तरी तो अगदीच निराधार नव्हता.

लॅपटॉपमध्ये पत्त्यांचा प्रश्नच येत नाही, कारण विंडोज ११ केवळ ६४-बिट आहे. तिथे ग्राफिक्सचा भाग मुख्य प्रोसेसरमध्येच सामावलेला असतो, त्याला स्वतःची मेमरी नसते आणि संगणक सुरू होतानाच बायोस रॅममधला एक तुकडा त्याच्या नावे काढून ठेवते. विंडोजच्या हाती येते ती उरलेली रक्कम. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या लॅपटॉपवर हा तुकडा पुष्कळदा ५१२ एमबी ते २ जीबी असतो; तो २ जीबी असला की ८ चे ५.९ होतात. इंटेलच्या अंतर्गत ग्राफिक्ससाठी आधीच काढलेला तुकडा सहसा फार लहान असतो आणि बाकीची मेमरी गरजेप्रमाणे घेऊन परत केली जाते. टास्क मॅनेजरमध्ये ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ म्हणून जवळपास निम्म्या रॅमचा आकडा दिसतो, तो पाहून घाबरू नये. ती वापराची कमाल मर्यादा आहे, वजावट नव्हे.

दोन्हींतला फरक पैसे खर्च करताना कळतो. पहिल्या संगणकात आणखी ४ जीबीची स्टिक बसवली तरी आकडा सव्वातीनच्या आसपासच राहतो, म्हणजे ते पैसे पाण्यात. दुसऱ्यात ४ जीबी वाढवली की, राखीव तुकडा तेवढाच असेल तर, जवळजवळ सगळीच वापरात येते. पहिल्यावरचा खरा उपाय ६४-बिट विंडोज नव्याने टाकणे आणि बायोसमध्ये मेमरी रिमॅपिंगची (अडलेल्या रॅमला ४ जीबीपलीकडचे पत्ते देण्याची) सोय असल्यास ती चालू करणे हा आहे. मात्र त्याआधी प्रोसेसर ६४-बिट आहे का आणि जोडलेल्या यंत्राचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का, हे पाहावे लागते. ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत, १६-बिट प्रोग्रॅमही चालत नाहीत. अंबडमधल्या त्या संगणकावर एका यंत्राचे एकच सॉफ्टवेअर सुरळीत चालत असेल, तर पाऊण जीबीसाठी त्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅपटॉपमध्ये बायोसच्या ‘यूएमए फ्रेम बफर’ या सेटिंगमधून राखीव तुकडा लहान करता येतो, पण अनेक लॅपटॉपवर हा पर्याय दाखवलेलाच नसतो. टॅली, वर्ड आणि ब्राउझर एवढेच काम असेल तर ५१२ एमबी पुरतात. गेम खेळणाऱ्याने मात्र तो आकडा कमी करण्याच्या फंदात पडू नये.

दोन्ही वेळा हमखास मिळणारा एक सल्ला टाळलेला बरा: एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग-साधनातल्या ‘मॅक्सिमम मेमरी’वर टिक करणे. त्या टिकने मेमरी वाढत नाही; उलट विंडोजला ठरावीक आकड्यापर्यंतच थांबवले जाते, आणि कोणी चाचणीसाठी केलेली टिक तशीच राहिल्यामुळे तूट पडल्याचेही प्रकार होतात. १६ जीबी बसवून ८ च वापरात येत असतील, तर या दोन्ही कारणांचा विचार करण्याआधी संगणक बंद करून, वीज काढून, स्टिक स्लॉटमध्ये नीट बसली आहे की नाही ते पाहावे.