हृदयविकाराच्या झटक्यानंतरची धोक्याची लक्षणे

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो. त्या जागी घट्ट व्रण धरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. बऱ्याच गुंतागुंती याच काळात उद्भवतात, म्हणून लक्षणाइतकेच ते कितव्या दिवशी दिसले हेही महत्त्वाचे.

पहिल्या ४८ तासांत मुख्य भीती ठोक्यांची लय बिघडण्याची. रुग्णाला मॉनिटरवर ठेवतात ते त्यासाठीच. पहिल्या आठवड्यात मऊ पडलेला स्नायू क्वचित फाटतो. तेव्हा सावरत असलेल्या माणसाला एकाएकी धाप लागते, रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात.

घरी आल्यावर सर्वांत सहज नजरेतून सुटते ती हृदयाची वाढत जाणारी दुर्बलता, कारण ती गुपचूप येते. काल एका उशीवर झोपणारा माणूस आज दोन उशा मागतो, मध्यरात्री दम कोंडून उठून बसतो. संध्याकाळी मोजा काढला की रबराचा वळ खोल उमटलेला असतो. नडगीवर बोट दाबले तर पडलेला खळगा लवकर भरत नाही. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ते अंगात साठलेले पाणी समजावे. घरचे याला ‘अशक्तपणा’ म्हणतात आणि आराम करायला सांगतात. तिथेच वेळ जातो.

छातीत पुन्हा दुखले तर प्रत्येक वेळी तो नवा झटकाच असतो असे नाही. हृदयावरणाला सूज आली तर खोल श्वास घेताना किंवा आडवे पडल्यावर कळ वाढते, पुढे वाकून बसल्यावर कमी होते. काही आठवड्यांनी तापासह येणाऱ्या अशा दुखण्याचे वर्णन हृदयरोगतज्ज्ञ विल्यम ड्रेसलर यांनी १९५६ मध्ये केले. ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मात्र हा फरक घरी बसून ठरवू नये. छातीवर दाब, घाम, मळमळ असेल तर रुग्णवाहिका बोलवावी, स्वतः गाडी चालवत जाऊ नये. मधुमेही आणि वृद्धांत तर दुखण्याशिवाय नुसता दम लागूनही झटका येतो.

तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एक हात लुळा पडणे ही हृदयात धरलेली गुठळी मेंदूत गेल्याची खूण असू शकते. शुद्ध हरपणे हेही तितकेच तातडीचे. काळी, डांबरासारखी शौच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे आतून रक्तस्राव होत असल्याचे सुचवते. तेव्हा लगेच डॉक्टरांना गाठावे, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) नवा असेल तर त्या थांबताच तो गुठळीने बंद पडू शकतो.