कॅसेटवरचं प्रश्नचिन्ह

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा माळ्यावरून बाबांच्या कॅसेटही खाली उतरल्या. बुटांची दोन खोकी भरून. बाबा नुसते ऐकणारे, शिकलेले नव्हेत. रेडिओवर ‘मुंबई ब’ लावलेलं असायचं. काही चांगलं कानावर पडलं की टेपरेकॉर्डर रेडिओपुढे सरकवायचा आणि दोन बटणं एकदम दाबायची. निवेदनावर फीत खर्च करणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. त्यामुळे बऱ्याच कॅसेटवर गाणं आहे आणि गाणाऱ्याचं नाव नाही. एकीच्या कार्डावर पेन्सिलीने दोन रागांची नावं तेवढी लिहिलीयत: ‘भूप / देशकार?’

ती कॅसेट मी उपनगरातल्या एका दुकानात नेऊन डिजिटल करून घेतली. ‘खरखर काढून एकदम साफ करून देतो,’ दुकानदार म्हणाला, आणि दिलीही. पेनड्राइव्हवर फाइलचं नाव ‘ट्रॅक ०३’. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह वाटेत कुठे गळलं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. मी आपलं फोनवरचं गाणी ओळखणारं ॲप उघडलं आणि फोन स्पीकरजवळ धरला. दोनदा धरला. दोन्ही वेळा त्याने हात वर केले.

यात ॲपचा काही दोष नाही. ते ज्या रीतीने ‘ओळखतं’, ती रीतच वेगळी आहे. या प्रकारात शाझामचं नाव सगळ्यांत गाजलेलं. २००२ साली ब्रिटनमध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा आजच्यासारखे स्मार्टफोन नव्हते. लोक २५८० हा नंबर फिरवून फोन गाण्यासमोर धरायचे आणि गाण्याचं नाव एसएमएसने यायचं. त्यामागची युक्ती एव्हरी वँग या संशोधकाची. आवाजाचा एक आलेख काढायचा: आडवा काळ, उभी कंप्रता (स्वर किती उंच ते), आणि जिथे आवाज जोरात तिथे ठिपका गडद. मग त्यातली फक्त शिखरं ठेवायची आणि बाकी सगळं पुसून टाकायचं. पावसाळ्यात दादरच्या पुलावरून परळकडे पाहिलं तर धुरकटात खालच्या चाळी दिसत नाहीत, टॉवरांची टोकं तेवढी दिसतात. ती कुठली टोकं कुठल्या टोकांपासून किती लांब, यावरूनही माणसाला दिशा कळते. तसंच हे. दोन शिखरांच्या कंप्रता आणि त्यांच्यामधलं काळाचं अंतर मिळून एक आकडा बनतो. असे ढीगभर आकडे एकाच ध्वनिमुद्रणाशी, त्याच क्रमाने, त्याच अंतरांनी जुळले की ओळख पटली. रिक्षातल्या गोंगाटातही हे जमतं, कारण गोंगाट बहुतेक चाळींसारखा खालीच राहतो.

पण यात ओळखलं जातं ते ध्वनिमुद्रण, गाणं नव्हे. तोच गायक उद्या तीच चीज गायला बसला आणि मुखडा अर्ध्या मात्रेने मागे ठेवून समेवर आला, की सगळी अंतरं बदलली. ख्याल दोनदा सारखा गातच नाहीत, ती तर त्याची गंमत. सिनेमातलं गाणं चार सेकंदांत ओळखणाऱ्या फोनला, नाट्यगृहात बसून तेच गाणं ऑर्केस्ट्रावाल्याकडून ऐकवलं तर बहुधा काही सुचत नाही. बाबांच्या कॅसेटमधलं गाणं कोणत्याही कंपनीच्या साठ्यात नसणार. मग फोनने जुळवायचं कशाशी?

म्हणजे नाव आवाजात नसतं. ते कुणीतरी बाहेरून चिकटवलेलं असतं. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवसांत ही अडचण अगदी उघड होती. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग कोलकात्यात आला आणि त्याने गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकडीवर तीनेक मिनिटंच मावायची. तेवढ्यात खयाल-ठुमरी उरकून ती शेवटी ठसक्यात सांगायची: ‘माय नेम इज गौहर जान.’ पुष्कळांना तो तिचा तोरा वाटतो. तोरा असेलही, तिला शोभायचाही. पण कारण साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या कारागिराला कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं हे कळणार कसं? म्हणून नाव आवाजातच कोरून पाठवलं. आज ज्याला मेटाडेटा म्हणतात, तो तिने गाऊन, निदान बोलून, दिला. माझ्या मते इतका पक्का मेटाडेटा पुढे फारसा झालाच नाही.

१९८२ मध्ये सीडी आली तेव्हा तिच्यात सेकंदाला ४४,१०० नमुने मोजून ठेवलेले होते, पण साध्या ऑडिओ सीडीत गाण्यांची नावं नव्हती. ती कागदावर. संगणकात सीडी घातली की पडद्यावर नावं उमटायची, ती इंटरनेटवरच्या एका यादीतून. कुठली गाणी किती लांबीची आणि कुठे सुरू होतात यावरून तबकडीचा अंदाज बांधायचा आणि त्या लांबीच्या तबकडीसाठी कुणा अनोळखी माणसाने टंकलेली नावं उचलायची. त्या माणसाने यमनच्या जागी कल्याण लिहिलं असेल तर जगभर कल्याण. कधी दोन वेगळ्या तबकड्यांचे आकडे एकच यायचे आणि भजनांच्या सीडीवर कुठल्याशा रॉक बँडची नावं झळकायची.

मग एमपीथ्री फाइलच्या शेपटाला नाव बांधायची सोय झाली, १९९६ च्या सुमारास. ही शेपटी १२८ बाइटची (एक बाइट म्हणजे एक रोमन अक्षर): सुरुवातीच्या ‘TAG’ या खुणेला ३, गाण्याला ३०, कलावंताला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३०, आणि संगीतप्रकारासाठी एकच बाइट, म्हणजे ठरलेल्या यादीतला एक क्रमांक. मूळ यादी ८० प्रकारांची. तिच्यात पोल्का होता, डेथ मेटल होतं, थट्टामस्करीच्या फितींसाठीही वेगळा क्रमांक होता. लोकसंगीताला नव्हता, तो नंतर वाढवला. राग, ताल, साथीला कोण, तंबोऱ्यावर कोण, यांना घरच नव्हतं.

देवनागरीची कथा याहून वरताण. तिची इथे सोयच नव्हती. तरी कुणी हट्टाने आजच्या युनिकोडमधली देवनागरी त्यात कोंबायची म्हटली, तर एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि वेलांट्या, मात्रा वेगळ्या मोजायच्या. ‘किशोरी आमोणकर’ हे नाव भरतं ३७ बाइट. जागा ३०. ‘किशोरी आमो’ एवढं मावतं आणि ‘ण’ अर्धवट कापला जाऊन त्याच्या जागी चौकोन उमटतो. म्हणून लोकांनी नावं रोमन लिपीत घातली, प्रत्येकाने आपापल्या स्पेलिंगने, आणि एकच भीमपलासी चार नावांनी भटकू लागली. पुढे ही शेपटी ऐसपैस झाली, पण सवय लागून गेली होती.

आता भूप आणि देशकार. दोन्हींचे स्वर तेच: सा, रे, ग, प, ध. दोन्हींत मध्यम नाही, निषाद नाही. पेटीवर पाच पट्ट्या दाबून दाखवल्या तर कुठला राग ते कुणी सांगू शकणार नाही. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला, देशकार सकाळचा. भूप गंधाराशी रमतो, देशकार धैवताशी आणि वरच्या षड्जाच्या आसपास. याच मुंबईत, वाळकेश्वरला, १८६० साली जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंड्यांनी रागांची दहा थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या दहा साच्यांत, मांडणी केली, तेव्हा भूप कल्याण थाटात गेला आणि देशकार बिलावलात. या दोन थाटांत फरक एकाच स्वराचा: कल्याणात मध्यम तीव्र, बिलावलात शुद्ध. आणि दोन्ही रागांत मध्यम मुळातच नाही! न लागणाऱ्या स्वरावरून दोघांची घरं वेगळी केली. पेशाने वकील असलेल्या माणसाने हे केलं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. वर्गीकरण नुसत्या मालाकडे पाहून होत नाही, चालही पाहावी लागते, हे त्यांना कळत होतं.

यंत्राला ही चाल कशी शिकवायची, यावर पवईला आयआयटीत प्रीती राव यांच्या गटाने बरंच काम केलंय. नेमक्या अशाच जोड्यांवर: भूप-देशकार, मारवा-पूरिया, तोडी-मुलतानी. पहिली पायरी षड्ज शोधण्याची. गवयाचा सा पेटीच्या काळी एक पट्टीचा, म्हणजे १३८-१३९ हर्ट्झच्या आसपासचा, की गायिकेचा काळी चारचा, हे कळल्याशिवाय बाकी आकड्यांना अर्थ नाही. इथे तंबोरा उपयोगी पडतो. मग गळ्याचा स्वर क्षणाक्षणाला मोजायचा आणि सप्तकाचे १,२०० बारीक भाग करून, कुठल्या भागात एकूण किती वेळ गेला याचे उंचवटे काढायचे. भूपात एक उंचवटा फुगतो, देशकारात दुसरा. कोणते स्वर लागले याबरोबर, कुठे किती थांबलं हेही यंत्र मोजू लागतं. गुरुजी ‘अरे, रिषभावर बसू नकोस’ म्हणून मांडीवर चापट मारायचे, त्याचंच हे गणित.

माझ्याकडे तसली प्रणाली नव्हती. मी इंटरनेटवर दोन रागांची ध्वनिमुद्रणं शोधत बसलो. एकच ध्वनिमुद्रण एका ठिकाणी भूप आणि पाच ठिकाणी देशकार म्हणून मिळालं. मी पाचांच्या बाजूने झालो. नंतर नीट पाहिलं तर पाचही ठिकाणी गायकाच्या नावात तीच एक टंकनचूक. पाच साक्षीदार नव्हतेच, एकाच साक्षीदाराचे पाच फोटो होते.

शेवटी पार्ल्याच्या आत्याकडे गेलो. ती लहानपणी गिरगावात दहा वर्षं गाणं शिकली आहे. फोनवर ‘ट्रॅक ०३’ लावला. तिने चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले, मिनिटभर ऐकलं.

‘धैवत बघ कसा लावतोय. भूपात असं कुणी ठाण मांडत नाही त्याच्यावर. देशकार.’

मग म्हणाली, ‘मूळ कॅसेट आणलीयस? लाव. यात काहीतरी खाल्लंय.’ तिच्याकडचा डेक अजून चालतो. लावली. खरखर होती, आणि ती सोडून आणखीही काही होतं: आलापातल्या एका विसाव्यात, लांब, खालच्या गल्लीतून, पाववाल्याच्या सायकलचा भोंगा. पॉम-पॉम. दुकानदाराच्या सॉफ्टवेअरने आधी रिकाम्या फितीतली खरखर मोजली असणार आणि कंप्रतेच्या प्रत्येक पट्ट्यात तिच्याहून फार वर न येणारं सगळं दाबून टाकलं असणार. भोंगा तेवढाच पुसट होता. खरखरीबरोबर तोही गेला.

मला तर उकळीच फुटली. ‘आत्या, पाववाला! म्हणजे सकाळची वेळ. म्हणजे देशकारच!’

आत्याने चष्मा पुन्हा घातला. ‘अरे, पाववाला संध्याकाळीही यायचा की. दादा ऑफिसातून आला की पहिली हाक त्यालाच.’