व्हर्च्युअल मशीन : घरगुती लिनक्स संगणकासाठी निवड

एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन. मूळ संगणकाला होस्ट आणि आतल्याला गेस्ट म्हणतात. सांगली-मिरज भागात घरी लिनक्स वापरणाऱ्याला विंडोजचा गेस्ट लागतो तो बहुधा मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचे टॅलीतले हिशेब, डिजिटल सहीचे यूएसबी टोकन किंवा लग्नपत्रिकांच्या जुन्या डीटीपी (संगणकावरच्या छपाई-मांडणीच्या) फाइली यांसाठी. त्यामुळे कोणते सॉफ्टवेअर जास्त वेगवान, हा प्रश्न नंतरचा. गेस्टला काय जोडायचे आहे, यावरच निवड ठरते.

प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची (गेस्ट चालवायची) सोय बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, चालू असावी लागते. इंटेलवर ती व्हीटी-एक्स या नावाने सापडते, एएमडीवर एसव्हीएम मोड या नावाने. कार्यालयातून निघालेल्या जुन्या संगणकांत ती पुष्कळदा बंदच असते. सोय चालू केल्यावर लिनक्सच्या डेव्ह (/dev) फोल्डरमध्ये केव्हीएम (kvm) नावाची फाइल दिसली, की काम झाले. होस्टला ८ जीबी रॅम असेल तर गेस्टला ४ जीबी द्यावी. होस्टलाच ४ जीबी असेल तर विंडोजच्या नादी लागू नये. डिस्क एसएसडीच हवी. फिरत्या हार्डडिस्कवर गेस्ट रांगतो.

व्हर्च्युअल मशीन चालवणारे केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. त्याच्या जोडीला गेस्टचे हार्डवेअर उभे करणारे क्यूईएमयू आणि मशीन हाताळायची खिडकी देणारे व्हर्ट-मॅनेजर बसवले की घरचे बहुतेक काम भागते, आणि कर्नल अपडेट झाल्यावर काही तुटत नाही. ओरॅकलचे व्हर्च्युअलबॉक्स शिकायला सोपे आहे. तेच मशीन विंडोजच्या संगणकावरही न्यायचे असेल तर ते बरे पडते. मात्र त्याचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) कर्नलच्या बाहेरचे. ते बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फाइली नसतील तर अपडेटनंतर ते बनत नाही, आणि सिक्युअर बूट (सही तपासूनच सॉफ्टवेअर सुरू करू देणारी सोय) चालू असेल तर सही नसलेले मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम लोड होताच प्रोसेसरची सोय स्वतःकडे घेते, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्स मशीन सुरू करताना अडू शकते. अशा वेळी केव्हीएमचे मॉड्यूल आधी काढावे लागते. व्हर्च्युअलबॉक्सचा एक्स्टेंशन पॅक (जादा सोयींची जोड) फुकट आहे तो वैयक्तिक वा शैक्षणिक वापरापुरता. घरूनच कर सल्लागाराचा व्यवसाय करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना मोफत आहे. विंडोज गेस्टमध्ये त्रिमितीय ग्राफिक्स लागत असेल तर तेच घ्यावे, पण कर्नल मॉड्यूलचे दुखणे तिथेही आहे. नोम बॉक्सेस सर्वांत सुटसुटीत. एखादे लिनक्स चाखून पाहायला पुरे.

व्हर्ट-मॅनेजरमध्ये विंडोज बसवताना पहिली ठेच लागते ती डिस्कपाशी. व्हर्टिओ (खास व्हर्च्युअल मशीनसाठीच्या वेगवान) प्रकारची डिस्क दिली की इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, कारण विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसतो. व्हर्टिओ-विन ही ड्रायव्हरांची आयएसओ (सीडीची प्रतिमा-फाइल) दुसरी सीडी म्हणून जोडावी आणि 'लोड ड्रायव्हर'मधून व्हायोस्टॉर हा डिस्कचा ड्रायव्हर निवडावा. हे नको असेल तर डिस्क साटा या नेहमीच्या प्रकारची ठेवावी, थोडा वेग जाईल इतकेच. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय (बायोसची नवी आवृत्ती) आणि टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी चिप) लागते, हे टीपीएम गेस्टला एसडब्ल्यूटीपीएम पॅकेज सॉफ्टवेअरने पुरवते. गेस्टच्या डिस्कच्या फाइली होस्टच्या मूळ पार्टिशनवर व्हार (/var) फोल्डरखाली जातात. ते पार्टिशन ३० जीबीचे असेल तर लवकरच भरते आणि मशीन मध्येच 'पॉज' होऊन बसते. फाइल होम फोल्डरमध्ये हलवली, तर क्यूईएमयूच्या युजरला तिथे शिरायची परवानगी नसल्याने मशीन चालू होत नाही. वेगळे पार्टिशन केलेले बरे.

टोकन किंवा डीटीपी सॉफ्टवेअरचे यूएसबी लॉक (ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) 'अ‍ॅड हार्डवेअर'मधून यूएसबी होस्ट डिव्हाइस म्हणून जोडतात. जोडलेले असेपर्यंत ते होस्टला वापरता येत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबीची यादी रिकामी दिसली तर युजर व्हीबॉक्सयूजर्स गटात नाही असे समजावे; गटात घातल्यावर लॉगआउट करून परत यावे लागते. दुकानातल्या दुसऱ्या संगणकाला गेस्टमधली टॅली दिसायला हवी असेल तर ब्रिज नेटवर्क (गेस्टला घरच्या नेटवर्कवर स्वतंत्र संगणकासारखे जोडणारे) लागते. ते वायफायवर सहसा जमत नाही, कारण राउटर अनोळखी मॅक पत्त्याची (नेटवर्क कार्डाच्या ओळख-क्रमांकाची) डेटा-पाकिटे टाकून देतो. केबल ओढावी.

मराठी टंकलेखनाचा घोळ वेगळाच. गेस्टकडे पोचतो तो कळीचा क्रमांक, अक्षर नव्हे. म्हणून होस्टवर इनस्क्रिप्ट हा मराठी कळफलक असला तरी गेस्टमध्ये तो पुन्हा बसवावा लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातला मजकूर होस्टवर पेस्ट केला की 'चि.सौ.कां.'च्या जागी रोमन चिन्हांचा काला उमटतो. व्हर्च्युअल मशीनचा त्यात दोष नाही. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढावा.

स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची, परत फिरता येण्याजोगी नोंद) म्हणजे बॅकअप नव्हे. तो बहुधा त्याच डिस्कवर असतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले होते, म्हणून तळमजल्यावरच्या संगणकाची प्रत निदान वरच्या मजल्यावर असावी. मशीन पूर्ण बंद करूनच डिस्कची फाइल कॉपी करावी. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपुढची फाइल त्यावर जात नाही, एक्सफॅट करून घ्यावा. सोबत मशीनची जुळणी लिहिलेली एक्सएमएल फाइल आणि विंडोज ११ असल्यास टीपीएम व एनव्हीरॅमच्या (यूईएफआयची सेटिंग ठेवणाऱ्या) फाइलीही घ्याव्यात. त्या राहिल्या आणि गेस्टमध्ये बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन) चालू असला, तर नव्या संगणकावर रिकव्हरी कीशिवाय डिस्क उघडत नाही.